नतेलाचा रांजण

बातमी आली तेव्हा जेमाल रांजणात होता.

म्हणजे खरोखरच रांजणात होता. अंगणात गळ्यापर्यंत पुरलेल्या बाराशे लिटरच्या मातीच्या रांजणाच्या तळाशी उकिडवा बसून तो चेरीच्या झाडाच्या सालींच्या घासणीने आतल्या भिंती घाशीत होता. सप्टेंबरातला मंगळवार. द्राक्षं तोडायला अजून तीन-चार आठवडे होते. आमच्या इमेरेती प्रांतात या दिवसांत कुठल्याही अंगणात कान दिला तर जमिनीखालून गाणं ऐकू येतं. नियमच आहे तसा. रांजणात उतरलेल्या माणसाने गात राहायचं. आत गेल्या वर्षीच्या वाइनचा वास कोंडलेला असतो, गुंगी कधी चढते ते ज्याचं त्याला कळत नाही. गाणं चालू, म्हणजे माणूस शाबूत. गाणं थांबलं, की वरच्यांनी दोर ओढायचा.

जेमालला एकच गाणं येत होतं, आणि त्याचंही एकच कडवं. (शेजारचे सेवेरियानकाका म्हणत, "हा गप्प बसला तर जीव वाचवायला धावायचं, हे कळतं. पण गायला लागला तर कुणाचा वाचवायचा?")

"जेमाल!" वरून त्याच्या बायकोचा, लामाराचा आवाज आला. "नतेलाचा फोन होता! लग्न ठरलं!"

नतेला म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, बातुमीला असते. जेमालने आनंदाने गाणं वरच्या पट्टीत नेलं.

"ऑक्टोबरच्या अठराला! मुलाकडची ऐंशी माणसं येणार तिला न्यायला!"

"येऊ देत, येऊ देत!" जेमालने ते चालीतच बसवलं.

"आणि विचारत होती, आजोबांनी तिच्यासाठी पुरलेला रांजण त्या दिवशी उघडायचा ना? म्हणाली, लग्नात आजोबा नसणार, पण त्यांची वाइन असली तर मला तेवढं पुरे!"

गाणं थांबलं.

वर लामाराने किंकाळी फोडली आणि दोर ओढला. दोर जेमालच्या कमरेला होता, आणि कंबर सव्वीस वर्षांच्या बैठ्या नोकरीत घडलेली. तो खांद्यांपर्यंत बाहेर आला आणि बुचासारखा अडकला.

"बोल! काहीतरी बोल!"

"मी बरा आहे."

"मग गाणं का थांबवलंस?"

"कडवं विसरलो."

"एकच तर कडवं आहे, मेल्या!"

जेमालचं लक्ष नव्हतं. त्याला नुकतंच एक झाकण आठवलं होतं.

हे झाकण कुठलं, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. जेमाल कुतैसी शहराच्या पाणीखात्यात कारकून होता. गावाकडे वडील, वालिको, एकटे राहत. घराण्याचा द्राक्षमळा सरकारी सामूहिक शेतीत गेला, तिथे मका लावला गेला, मग सरकारच गेलं आणि मक्याच्या जागी काटेरी झुडपं आली. वाचला तो मागच्या अंगणातल्या तुतीच्या झाडावर चढलेला एकच वेल. वालिको त्याचीच द्राक्षं शिडी लावून उतरवत आणि त्याचीच वाइन करत. पाच वर्षांपूर्वी जेमालच्या मनात आलं की झुडपं काढून मळा पुन्हा उभा करावा. वडिलांनी त्या वेलाची कलमं करून दिली. वेल कमरेएवढे झालेले त्यांनी पाहिले. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. आजारी पडले सोमवारी आणि गुरुवारी संपलं. पहिली वाइन त्यानंतरच्या वर्षी झाली.

जेमालची वाइन अगदी नैसर्गिक. साखर नाही, खमीर नाही, औषध नाही. "मी यात काहीही घालत नाही," तो अभिमानाने सांगे. "मेहनतसुद्धा," लामारा पुढे जोडे.

वालिको गेल्यावर जेमाल नोकरी सोडून गावी राहायला आला. लामारा आली ती एका अटीवर. बाथरूम हवी, घराला लागून, गरम पाण्याची, निळ्या टाइल्सची. त्या टाइलचा एक तुकडा ती कित्येक वर्षं पर्समध्ये बाळगत होती. (शेजारणी नातवंडांचे फोटो काढत, तेव्हा ही टाइल काढी.) म्हणून गेल्या वर्षी बोन्दो गवंड्याला बोलावलं. मागच्या अंगणात पाया खणताना त्याची पहार दगडावर आपटली.

"जेमालभाऊ, गोल दगड लागलाय. झाकणासारखा. उचलून बघू?"

जेमालने खड्ड्यात एकदा डोकावून पाहिलं. "जुना शोषखड्डा."

"पण कडेने पांढरी माती लिंपलीय..."

"बोन्दो, सव्वीस वर्षं पाणीखात्यात काढलीत मी. झाकण बघून खाली काय आहे ते सांगतो. ओत काँक्रीट."

बोन्दोने ओतलं. वर निळ्या टाइल्स बसल्या. आणि या मंगळवारी, रांजणाच्या अंधारात, जेमालच्या डोक्यात उजेड पडला. पांढऱ्या मातीने लिंपून शोषखड्डा कोण बंद करतं? तशी मळलेली माती लिंपतात ती रांजणावर.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्या वर्षीच्या वाइनचा एक रांजण पुरतात आणि मुलाच्या लग्नात उघडतात. बहुतेकजण मुलासाठी पुरतात. वालिकोंनी नातीसाठी पुरला. गावाने विचारलं, "मुलीसाठी कोण पुरतं?" ते म्हणाले, "मी." जागा मात्र कुणाला सांगितली नाही. जेमालने एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तुला सांगितली तर लग्नाआधीच वाइन नैसर्गिकरीत्या संपेल."

आता जेमालपुढे दोन वाटा होत्या. बायकोला खरं सांगायचं, नाहीतर शोधण्याचं नाटक करायचं. तो सरकारी माणूस होता. त्याने शोध सुरू केला.

दहा दिवस त्याने लोखंडी गज घेऊन अंगण भोसकलं. पुढचं अंगण, कोंबड्यांची जागा, फाटकाजवळचा चिखल. राजम्याचा वाफा उपटला. कोबी उपटला. एकदा गज कशावर तरी आपटला आणि लामारा धावत आली, तर सामूहिक शेतीच्या काळातली लोखंडी बादली निघाली. रोज संध्याकाळी नतेलाचा फोन येई, "सापडला?" आणि लामारा सांगे, "बाबा जिवाचं रान करतोय गं." त्या वेळी जेमाल कोंबड्यांकडे बघत बसे. कोंबड्या त्याच्याकडे बघत. त्यांना ठाऊक असावं असं त्याला वाटू लागलं होतं.

"मागचं अंगण राहिलं," लामारा म्हणाली.

"मागे नसणार. मागे ओल असते."

"ओल होती म्हणून तिथे बाथरूम बांधू नकोस म्हटलं, तेव्हा तूच म्हणालास, खडखडीत कोरडं आहे."

"ते बाथरूमच्या दृष्टीने. वाइनच्या दृष्टीने ओल."

अकराव्या दिवशी सेवेरियानकाका परतले. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून, झेस्टाफोनीला मुलीकडे पंधरा दिवस राहून. डोळ्यांवर काळा चष्मा. वालिकोंचे ते सत्तर वर्षांपासूनचे दोस्त, आणि वालिको गेल्यापासून या घराच्या मागच्या अंगणात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. बोलायचं ते फाटकावर हात ठेवून बोलत आणि तिथूनच परत जात. लामाराने फाटकावरच त्यांना गाठलं.

"काका, नतेलाचा रांजण कुठे पुरलाय, बाबा तुम्हाला कधी बोलले का?"

"बोलायचं काय त्यात? तुतीपासून सात पावलं, सूर्य उगवतो त्या अंगाला."

जेमालच्या हातातला गज खाली पडला.

"बघ!" लामारा म्हणाली. "दहा दिवस माझे राजमे उपटतोयस, आणि हे इथे! चला काका."

काका फाटकात थोडे थांबले. मग आत आले. तुतीच्या खोडावर हात ठेवून त्यांनी वर, पानांत पाहिलं. नव्या डोळ्यांनी ते झाड पहिल्यांदाच पाहत होते. मग खोडाला पाठ लावून तिथून पावलं मोजत निघाले.

"एक. दोन. तीन. चार. पाच..."

ठक्‌.

"ही भिंत कुणाची?" कपाळ चोळत काकांनी विचारलं.

"माझी," लामारा म्हणाली. "बाथरूमची."

"काका, तुमची पावलं लांब पडताहेत," जेमाल घाईने म्हणाला. "ऑपरेशननंतर होतं तसं."

"ऑपरेशन डोळ्यांचं झालंय, गाढवा. पायांचं नाही."

"मग बाबा पूर्व म्हणताना पश्चिम म्हणत असतील."

"का म्हणेल? सूर्य काय तुझ्या खात्यात अर्ज करून उगवतो?"

काकांनी पुन्हा मोजलं. पुन्हा पाच पावलांवर भिंत आली. लामारा आत गेली. उघड्या खिडकीतून तिचा आवाज आला, "सहा. सात."

ती दारात येऊन उभी राहिली. आवाज इतका शांत की जेमालने एक पाऊल मागे घेतलं.

"जेमाल, गेल्या वर्षी बोन्दो मला विचारत होता, 'वहिनी, तो जुना शोषखड्डा उपसून घ्यायचा का?' मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्या घरातलं बोलत असेल. या घरात शोषखड्डा नव्हताच कधी. असता तर मी बाथरूम कशाला मागितली असती?"

जेमालने काकांकडे पाहिलं. काकांनी तुतीकडे पाहिलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मंगळवारपासून."

"कुठल्या मंगळवारपासून?"

"रांजणातल्या."

"म्हणजे दहा दिवस, सगळं माहीत असताना, तू माझा राजमा..."

"तुझ्या टाइल्स वाचवायला बघत होतो."

"आणि कोबी?"

"कोबी... ओघात गेला."

लामारा वळली, आत गेली आणि कडी लावली. पाठोपाठ पाण्याचा आवाज सुरू झाला. दोघं पुरुष तुतीखाली बसले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. खिडकीतून वाफ येत होती.

"काय करतेय?" काकांनी हळूच विचारलं.

"आंघोळ."

"मग रांजण विसरायचा म्हणायचं."

जेमालला नतेलाचा निरोप आठवला. मला तेवढं पुरे. आणि ते तेवढंसुद्धा आपण काँक्रीटमध्ये घातलं. त्याने नखांतली माती उगाच खरवडली. आज संध्याकाळी फोन आपण घ्यायचा आणि खरं सांगायचं, हे त्याने ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्याने दुसऱ्या टेबलाकडे पाठवली नाही.

चाळीस मिनिटांनी लामारा बाहेर आली. डोक्याला टॉवेल, चेहरा लालबुंद, डोळेही.

"बोन्दोला बोलव," ती म्हणाली. "फोडायची."

"लामारा, टाइल्स..."

"वीस उन्हाळे आपण इथे यायचो. वीस उन्हाळे तुझे वडील माझ्यासाठी चुलीवर पाणी तापवून त्या पत्र्याच्या खोपटात बादली ठेवून जायचे. एकदाही हाक मारली नाही. दारावर दोनदा टकटक, आणि निघून जायचे. मला कळायचं, पाणी आलं." तिने टॉवेल घट्ट केला. "त्यांच्या रांजणावर उभी राहून मी वर्षभर दात घासतेय. बोलव त्याला."

बोन्दो आला. शोषखड्ड्याची हकिगत ऐकून त्याने जेमालकडे अशा नजरेने पाहिलं की शिवी परवडली असती. "मी म्हणालो होतो ना, पांढरी माती," एवढंच म्हणाला, आणि त्या दिवसात ते तो एकोणीस वेळा म्हणाला. लामाराने बजावलं होतं, एकेक टाइल सोडवून काढ, पुन्हा बसवायच्या आहेत. पहिली टाइल अख्खी निघाली. मग जेमाल मदतीला गेला. त्यानंतर एकही अख्खी निघाली नाही.

दुपारी दगड दिसला. कडेची पांढरी माती ओली, मऊ, जशी लिंपली तशी. काँक्रीटने आणि गळक्या नळाने मिळून तिला सुकून तडकू दिलं नव्हतं. (तो नळ जेमालने स्वतः जोडला होता. त्याच्या कामाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.) बोन्दोने माती खरवडली, दोघांनी दगड सरकवला आणि चौघं वाकले.

आत काळोख होता. आधी वाटलं, काहीच नाही. पुढच्या क्षणी त्या काळोखात खिडकी दिसली. खिडकीखाली चार डोकी, त्यांतलं एक काळ्या चष्म्याचं.

"भरलेला आहे," बोन्दो म्हणाला.

"कशाने, ते बघायचंय," जेमाल म्हणाला. सव्वीस वर्षं. व्हिनेगर झालं असेल. काँक्रीटचं पाणी झिरपलं असेल.

काकांनी लांब दांड्याचं, भोपळ्याचं ओगराळं मागितलं. जेमालने ते रांजणात सोडलं आणि पेला भरून दिला. पिकल्या जर्दाळूचा रंग. काकांनी आधी मक्याच्या भाकरीचा तुकडा घेतला, त्यावर वाइनचे चार थेंब टाकले आणि तो तुकडा खिडकीत ठेवला. गेलेल्यांचं आधी. मग एक घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"काका!" लामारा ओरडली. "बोला ना! रांजणात गुंगी चढल्यासारखे गप्प काय?"

"थोडी जास्तच चांगली झालीय," काका म्हणाले. "मुलाकडच्यांना एवढी चांगली द्यायची का, ते ठरवा."

लामारा मटकन टबाच्या काठावर बसली आणि हसायला लागली. बोन्दोने दोन्ही हातांनी जेमालची पाठ थोपटली. जेमालला तिथेच, सिमेंटच्या धुळीत, पाय पसरून बसावंसं वाटलं, आणि तो बसला. दहा दिवसांत प्रथमच त्याचा श्वास पुरता आत गेला.

मग बोन्दोने सरकवलेला दगड पालथा केला. दगडाच्या खालच्या बाजूला रेघा कोरलेल्या होत्या. जेमालने मोजल्या. चोवीस.

"हे काय?"

काकांनी खाकरून घसा साफ केला. "आता सांगायला हरकत नाही. दर वर्षी, मुलीच्या वाढदिवसाला, तुम्ही शहरात केक कापायचात तेव्हा, आम्ही दोघं हा उघडायचो. ठीक आहे ना, ते बघायला. एक-एक पेला घ्यायचो."

"एक-एक?"

"सुरुवातीला. मग जेवढी कमी व्हायची तेवढी तुझा बाप नवी घालायचा, तुतीवरच्या वेलाची. पुन्हा लिंपायचा आणि एक रेघ मारायचा. म्हणजे यात एका वर्षाची नाही, तिच्या चोवीस वर्षांची आहे."

"म्हणजे तुम्हाला जागा पक्की माहीत होती! मग पावलं लांब, दिशा चुकली, हे सगळं तुम्ही..." जेमाल उसळला.

"ते तू म्हणत होतास. मी मोजत होतो."

"आणि गेली दोन वर्षं?" लामाराने विचारलं. "शेवटच्या दोन रेघा?"

काकांनी पेला उपडा करून झटकला. "एकट्याने उघडायला मन झालं नाही," ते म्हणाले.

बोन्दोने छिन्नी त्यांच्या हातात दिली. काकांनी दोन रेघा मारल्या. नवे डोळे असूनही वाकड्या आल्या.

त्या संध्याकाळी फोन जेमालनेच घेतला. सगळं सांगितलं, शोषखड्ड्यासकट. नतेला इतकी हसली की पलीकडे होणारा जावईही फोनवर आला आणि जेमालला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.

ऑक्टोबरच्या अठराला मुलाकडची ऐंशी माणसं आली, आमची दीडशे होती. रांजण काही बाथरूममधून हलणार नव्हता, म्हणून सुरया घेऊन पाहुणेच बाथरूमकडे येत. दारात ही लांब रांग. त्यात कोण वाइनसाठी उभा आहे आणि कोण दुसऱ्या कामासाठी, ते कळेना. दुसऱ्या कामवाल्यांना लामारा खोपटाकडे पिटाळत होती. मुलाकडचे एक जाडजूड आजोबा आत गेले, बेसिनला टेकून तीन पेले प्यायले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पाहुणचार पुष्कळ पाहिला, पण ज्या घरात बाथरूमलासुद्धा अशी वाइन आहे, तिथे मुलगा दिला याचं समाधान आहे." नतेलाने पहिला पेला आजोबांच्या नावाने घेतला. पेला रिकामा करून आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मग नाचायला गेली.

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जेमालने स्वतःची वाइनही मांडली होती. दोनशे लिटर, पाटीसह: 'यात काहीही घातलेलं नाही'. दुसऱ्या दिवशी मोजलं तर एकशे नव्याण्णव भरली. कमी झालेल्या एका लिटरचा लामाराने उलगडा केला. ती तिने बीट मुरवायला घेतली होती.

आता रांजण रिकामा झाला होता. रीत अशी की रिकामा रांजण फार दिवस ठेवू नये. धुवावा आणि पुढच्या पोरासाठी भरावा. जेमालने तो लांब दांड्याच्या घासणीने, वरूनच, तीन पाण्यांनी धुतला. (तेव्हाही गायला. काही गरज नव्हती.) आणि आपल्या वाइनचा पहिला घडा घेऊन तो बाथरूममध्ये शिरला.

लामारा दारात आडवी उभी.

"काय करतोयस?"

"नातवंडासाठी भरतोय."

"अजून जन्मालासुद्धा आलं नाही रे ते," लामारा म्हणाली. "त्याने तुझं काय वाकडं केलंय?"

जेमालने काकांकडे दाद मागितली. काकांनी घड्यातला एक घोट घेतला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "घाई नको. मुलांनाही जरा निवांत राहू दे."

तर सध्या व्यवस्था अशी आहे. रांजणावर फळी टाकली आहे. रांजण भरल्याशिवाय त्यावर दगड बसणार नाही, दगड बसल्याशिवाय बोन्दो फरशी घालणार नाही आणि जेमालला बरी वाइन जमल्याशिवाय लामारा रांजण भरू देणार नाही. त्या निळ्या टाइल्स आता कुठे मिळतही नाहीत. रोज संध्याकाळी पाणीखात्यातला सव्वीस वर्षांचा अनुभवी माणूस चुलीवर पाणी तापवतो, बादली खोपटात नेऊन ठेवतो आणि दारावर दोनदा टकटक करतो.

"आलं का पाणी?" आतून लामारा विचारते.

"आलं."

"त्यात काही घातलं नाहीस ना?"

रांजण अजून भरायचा राहिला आहे.